बाबांचा सैनिक, आईचा मुलगा: युद्धात गेलेल्या मुलाला घरात कसं आठवावं?

प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. चार वर्षांपूर्वी तो युद्धात गेला, तेव्हा २४ वर्षांचा होता. बाबा प्रत्येक कार्यक्रमाला जातात, त्याच्याबद्दल भाषण करतात, त्याच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवलं आहे. आई एकाही कार्यक्रमाला येत नाही. त्याच्या सामानाची पेटी आली, ती तिने अजून उघडू दिलेली नाही. बाबांना वाटतं, आईला त्याचा अभिमान नाही. आईला वाटतं, बाबांनी मुलगा लोकांना देऊन टाकला. दोघं एकमेकांशी त्याच्याविषयी बोलतच नाहीत. नातेवाईक म्हणतात, आता पुरे झालं, सोडून द्या. आम्ही त्याला नक्की कसं आठवायचं?"

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा आईच्या त्या वाक्यापाशी थांबले. बाबांनी मुलगा लोकांना देऊन टाकला. मूल गमावलेल्या आईवडिलांबरोबर मी २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे, त्यांतली बरीच घरं सैनिकांची. हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी अनेक घरांत ऐकलं आहे. कधी आई म्हणते, कधी वडील.

मूल आजारात किंवा अपघातात गेलं, तर ते पूर्णपणे घरचं राहतं. सैनिक मुलगा मात्र ज्या दिवशी जातो त्याच दिवसापासून बाहेरच्यांचाही होतो. त्याचा गणवेशातला फोटो फलकावर लागतो, ज्यांना त्याचं टोपणनावही ठाऊक नाही असे लोक दाराशी येऊन रडतात. त्यात खरा आधार असतो. आणि घरातलं काहीतरी कुणी उचलून नेलं, अशी भावनाही असते. बाबांनी आधाराची बाजू धरली आहे, आईने दुसरी. माझ्या मते तुमच्या घरात चूक कुणाचीच नाही. बाबा गणवेशातल्या मुलाला आठवत आहेत आणि आई गणवेश घालण्याआधीच्या. दोघांनाही उरलेला अर्धा मुलगा हवा आहे, पण मागायचा कसा ते कळत नाही.

साधे शब्द बघा. बाहेर म्हणतात हुतात्मा झाला, वीरमरण आलं, धारातीर्थी पडला. घरात म्हणतात, गेला. तुम्हीही तेच लिहिलंत. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारते: दार लावून घेतल्यावर घरात त्याला काय म्हणून हाक मारायचात? हुद्द्यासकट नाव आजवर कुणीही सांगितलेलं नाही. बऱ्याचदा आई आणि वडील दोन वेगळी नावं सांगतात, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच एकमेकांकडे बघतात.

दोघांच्या दुःखातलं हे अंतर एका आईने दगडात कोरून ठेवलं आहे. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पेटर १८ वर्षांचा होता. स्वेच्छेने भरती व्हायला त्याला वडिलांची संमती लागत होती. वडील कार्ल पेशाने डॉक्टर, ते तयार नव्हते. केटेंनी मुलाची बाजू घेतली आणि संमती मिळाली. त्याच ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पेटर मारला गेला. त्याच्यासाठी शिल्प करायचं, हे केटेंनी लगेचच ठरवलं. पहिल्या कल्पनेत मुलाचा देह आडवा होता, एका टोकाला वडील आणि दुसऱ्या टोकाला आई. काम अडलं, सोडलं गेलं, पुन्हा हाती घेतलं गेलं. मुलगा ज्या दफनभूमीत होता तिथे ते शिल्प १९३२ साली, म्हणजे तब्बल १८ वर्षांनी उभं राहिलं. तोपर्यंत त्यातला मुलगा निघून गेला होता. उरले होते फक्त आईवडील, गुडघ्यांवर बसलेले. वडील ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच घट्ट धरलेले. आई पुढे वाकलेली, मान खाली. दोन वेगळे दगड, मधे मोकळी जागा.

या शिल्पाचं छायाचित्र मी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना दाखवते. एका वडिलांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे एकमेकांना धरत का नाहीत?" त्यांची बायको म्हणाली, "आपणही असेच बसतो." त्या दिवशी बाकी काही बोलणं झालं नाही, आणि मला वाटतं तेवढं पुरेसं होतं.

तुमचे बाबा ताठ बसले आहेत, आई वाकून बसली आहे. १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी शोकाविषयी एक मांडणी केली, ती आम्ही रोजच्या कामात वापरतो. शोकातलं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतं. एका बाजूला गमावल्याचं दुःख: रडणं, आठवणी, ओढ. दुसऱ्या बाजूला पुढचं जगणं: कामं, जबाबदाऱ्या, नवी ओळख. ही ये-जा चालू असणं निरोगी असतं, अडचण येते ती एकाच बाजूला अडकून पडल्यावर. जोडप्यात बऱ्याचदा असं होतं की एकाने एक बाजू धरली की दुसरा आपोआप उरलेली सांभाळतो. मग दोघांनाही वाटतं की समोरच्याला काही वाटतच नाही. म्हणून बाबांना विचारा, कार्यक्रमाहून परत आल्यावर पहिला अर्धा तास तुम्ही काय करता? एका वडिलांनी मला सांगितलं होतं, "पायऱ्यांवर बसतो. बूट काढायचं बळ नसतं." बायकोला हे माहीतच नव्हतं. ती आत असायची, दार लावून. आणि आईला विचारा, दिवसभरात असा एखादा तास असतो का, ज्यात ती कशात तरी गुंतते? तो असतो, आणि त्याची तिला बहुधा लाज वाटत असते.

मूल गेल्यावर बहुतेक जोडपी विभक्त होतात, असं तुमच्या कानावर आलं असेल. संशोधनात तो समज टिकलेला नाही. ताण येतो, फार येतो. पण बहुसंख्य जोडपी एकत्रच राहतात.

आता नातेवाइकांचं "सोडून द्या". हा सल्ला प्रेमापोटी येतो, आणि त्याच्यामागे एक जुना विचारही आहे. १९१७ साली मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडलं, की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातली आपली ओढ थोडी थोडी काढून घेणं. पुढची अनेक दशकं मानसोपचार याच वाटेने गेले. पण फ्रॉइड यांची मुलगी सोफी १९२० साली गेली. नऊ वर्षांनी, १२ एप्रिल १९२९ रोजी, आपल्या मुलाच्या शोकात असलेल्या एका मित्राला त्यांनी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलं की आज सोफी ३६ वर्षांची झाली असती, आणि गेलेल्याची जागा कशानेच पूर्ण भरत नाही. म्हणजे ज्यांनी सोडवून घेण्याचा विचार मांडला, ते स्वतः लेकीचे वाढदिवस मोजत होते. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी वेगळी मांडणी पुढे आणली: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. क्लास यांनी अपत्य गमावलेल्या आईवडिलांच्या गटांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं होतं, ही मांडणी त्या अनुभवातून आली. नातेवाइकांशी वाद घालू नका. एवढंच म्हणा, "सोडायचं नाहीये, नीट धरायला शिकतोय."

पेटीबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातली गाठ तिथेच आहे.

पेटी चार वर्षं बंद आहे, म्हणून आईने वास्तव स्वीकारलेलं नाही असा अर्थ काढू नका. एका आईने मला कारण सांगितलं होतं: "बंद आहे तोवर त्याच्याकडून अजून काहीतरी यायचं बाकी आहे." तेव्हापासून पेटी उघडायची घाई मी कुणालाही करू दिलेली नाही. दिवस आईने ठरवावा. स्मृतिदिन तर मुळीच नको. त्या दिवशी मनावर आधीच ओझं असतं, शिवाय लोक येत-जात असतात.

अशा सामानाबरोबर बहुधा यादी येते. पेटीआधी यादी वाचा, तीही आईच्या परवानगीने, तुम्ही आणि त्याचा एखादा जवळचा मित्र मिळून. आत काय आहे हे आधी कळलं तर धक्क्याची धार कमी होते. घड्याळ आहे आणि त्याची काच फुटलेली आहे, हे ऐकून ते हातात घेणं वेगळं, आणि कपड्यांच्या घडीतून ते अचानक हाती येणं वेगळं. तुमचा भाऊ २४ वर्षांचा होता. त्याचं स्वतःचं असं एक आयुष्य होतं, त्यात आईवडिलांना न सांगितलेलं काही असू शकतं, कुणाची पत्रं, एखादी डायरी. ती तुम्ही बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय वाचू नका, वाचून दाखवूही नका. गेल्यावरही त्याचा तेवढा आडोसा राहायला हवा.

कपडे धुऊ नका. आईला सगळ्यात आधी वास हवा असतो. वास असलेला एखादा सदरा मिळाला, तर तो हवाबंद पिशवीत ठेवा. पण तिला आधीच सांगून ठेवा की सामान पाठवण्यापूर्वी ते धुतलेलं असू शकतं. पाठवणाऱ्यांनी ते मायेने, स्वच्छ घड्या घालून पाठवलेलं असतं, आणि नेमका तोच साबणाचा वास आईच्या जिव्हारी लागतो. पेटीत कोरे करकरीत कपडे बघून कोसळलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

एका बैठकीत सगळं बाहेर काढायचं नाही. एक वस्तू काढा, तिच्याबद्दल बोला, किंवा नुसतं बसा, आणि पेटी पुन्हा बंद करा. काढलेली वस्तू परत आत गेली तरी चालेल. बाबांनी पहिल्या दिवशी खोलीत असायला हवं का, हे आईवर सोपवा. माझा अनुभव असा, की आई आधी नाही म्हणते आणि मग तिसऱ्या-चौथ्या वस्तूनंतर त्यांना स्वतः हाक मारते.

फोन असेल तर तो आधी सुरक्षित करा, याबाबतीत मात्र चालढकल नको. जुन्या फोनची बॅटरी वर्षानुवर्षं पडून फुगते. पासवर्डचे अंदाज पुन्हा पुन्हा लावू नका, काही फोन ठरावीक चुकांनंतर सगळी माहिती पुसून टाकतात. तुमच्या, आईच्या, मित्रांच्या फोनवर त्याचे आवाजी संदेश असतील, ते आजच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. फोन बदलताना असे संदेश हरवतात आणि मग त्याची भरपाई नसते. पत्रांचे फोटो काढून ठेवा, मूळ पत्रं उजेडापासून दूर, कोरड्या जागी. लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की कागद परत मोकळा करता येत नाही.

पेटीइतकीच दुसरी मोठी ठेव म्हणजे त्याचे सोबती. आईवडिलांना वाटतं, ते विसरले. बहुतेक वेळा ते घाबरलेले असतात. तो गेला आणि मी वाचलो, आता त्याच्या आईसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, हे वाक्य मी कितीतरी जवानांकडून ऐकलं आहे. म्हणून पहिलं पाऊल तुम्हीच टाका. पत्र लिहा, आणि त्यात स्पष्ट लिहा की आम्हाला तुमच्याकडून कसलाही खुलासा नको, तो कसा होता तेवढं सांगा. आणि लहान प्रश्न विचारा. तो झोपेत बडबडायचा का? कुणाच्या ताटातलं उचलायचा? कशावरून चिडवायचे त्याला? या उत्तरांमधून आईला तिचा मुलगा तिने न पाहिलेल्या जागी भेटतो, आणि तो गणवेशातही तोच होता हे कळतं.

शेवटच्या क्षणांचं मात्र वेगळं आहे. ते ऐकायची इच्छा दोघांना सारखी नसते. सोबती घरी येण्याआधी ठरवून घ्या: कोण ऐकणार, कोण त्या वेळी खोलीत नसेल, आणि ऐकलेलं दुसऱ्याला कधी सांगायचं. ज्याने "मला नको" म्हटलं, त्याचं मन पुढे बदलू शकतं, त्यासाठी दार उघडं ठेवा. हे ज्ञान फार उशिरा आणि अगदी अनपेक्षित वाटेनेही येतं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स या रेजिमेंटचे रणगाडा अधिकारी, १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात बसंतरच्या लढाईत गेले. वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल २००१ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्यांच्या घरी ते उतरले, त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी अखेर त्यांना सांगितलं की त्या दिवशी अरुणच्या समोरच्या रणगाड्यात आपणच होतो, आणि आपल्याच हातून तो गेला. सांगतानाच त्यांनी अरुणच्या शौर्याची मनापासून तारीफ केली. ३० वर्षांनी, ज्याच्याशी मुलगा लढला त्याच्याच तोंडून एका बापाने मुलाचा शेवट ऐकला, त्याचाच पाहुणचार घेत. प्रत्येकाला हे झेपेल असं मी म्हणत नाही. पण आपला मुलगा शेवटी कसा होता हे कळण्याची भूक किती वर्षं जिवंत राहते, ते यातून दिसतं.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण ती घरात आहे का ते बघायला हवं. सैन्यात जायला होकार कुणी दिला होता? शोकसभेत हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि घरात रात्री तो प्रत्येकाला पडतो. केटे कोलविट्झ यांच्या त्या १८ वर्षांतही हा प्रश्न होताच. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांचंही तसंच. त्यांचा मुलगा जॉन याची दृष्टी इतकी अधू होती की त्याला भरतीत नाकारलं गेलं. किपलिंग यांनी फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि जॉनला ब्रिटिश सैन्याच्या आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळाली. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला, १८वा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले होते. आईवडिलांनी त्याच्या पलटणीतल्या जखमी सैनिकांना शोधून शोधून विचारलं. हाती काही लागलं नाही. पुढे १९१७ साली किपलिंग युद्धातल्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगात गेले. ज्यांची ओळख पटली नाही अशा सैनिकांच्या कबरींवर "केवळ देवाला ठाऊक" अशा अर्थाचे शब्द कोरले जातात, ते त्यांनीच सुचवलेले. १९३६ साली ते वारले तेव्हा आपला मुलगा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशा एका अनामिक कबरीवर आयोगाने जॉनचं नाव घातलं ते १९९२ साली.

आई बाबांवर रागावलेली असेल तर तो राग होकाराचा असू शकतो. बाबांची भाषणं हेही कदाचित त्याच प्रश्नाचं उत्तर असेल, स्वतःला दिलेलं. आणि एक राग असा असतो की तो उच्चारायचीच चोरी होते: मुलावरचाच राग. तू गेलास कशाला, पुढे कशाला झालास, दुसरं कुणी नव्हतं का? वीरमाता म्हणून जिचा सत्कार होतो तिने हे कुठे बोलायचं? आई कार्यक्रमांना येत नाही, त्याचं एक कारण हेही असू शकतं की तिथे फक्त अभिमानाला खुर्ची आहे. तिने असं काही बोललंच, तर लगेच समजूत घालू नका. ऐकून घ्या. अभिमान आणि राग एका छातीत राहू शकतात.

ज्यांच्या मुलाचा देह मिळालाच नाही, असे आईवडीलही हे वाचत असतील. त्यांचं दुःख वेगळ्या जातीचं असतं. पॉलिन बॉस या अभ्यासिकेने व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना त्याला अनिश्चित वियोग म्हटलं. अशा घरात "तो गेला" हे म्हणणंच मुलाशी बेइमानी वाटतं. दोन्ही शक्यता मनात घेऊन जगावं लागतं, आणि त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्याय आहे. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२च्या युद्धातले अर्जेंटिनाचे कित्येक सैनिक फॉकलंड बेटांवर ओळख न पटलेल्या कबरींत होते, आणि त्यांच्या दगडांवर किपलिंग यांच्या शब्दांसारखेच शब्द होते. जेफ्री कार्डोझो या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या देहांचं दफन करताना बारकाईने नोंदी ठेवल्या होत्या. २०१७ साली रेड क्रॉसने १२१ कबरी तपासल्या, पहिल्याच टप्प्यात ८८ जणांची ओळख पटली, आणि मार्च २०१८ मध्ये कुटुंबं नाव कोरलेल्या कबरींपाशी जाऊन उभी राहिली. ३६ वर्षं होत आली होती. वाट पाहणाऱ्या आईला वेडी म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत सांगते.

बाबांबद्दल आणखी थोडं. वडिलांच्या शोकाला फार कमी जागा मिळते. अमेरिकेच्या सरकारने १९३० ते १९३३ या काळात पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या आया आणि विधवा यांना सरकारी खर्चाने युरोपातल्या कबरींपर्यंत नेलं. साडेसहा हजारांहून अधिक बायका गेल्या. वडिलांना त्या योजनेत जागाच नव्हती. आजही लोक बाबांना विचारतात, "वहिनी कशा आहेत?" अशा माणसाला काम हाच एक आडोसा मिळतो. तेव्हा शाळेतलं बक्षीस बंद करायला सांगू नका. काम मुलाच्या स्वभावाशी जोडलेलं असेल तर त्यात मुलगा खरोखर भेटतो. कारगिलमध्ये जून १९९९ मध्ये गेलेले कॅप्टन विजयंत थापर २२ वर्षांचे होते. शेवटच्या पत्रात त्यांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही जिथे लढलो ती जागा येऊन पाहा, अनाथाश्रमाला मदत करा, आणि एका लहान मुलीला मी दर महिन्याला देत होतो ते पैसे देत राहा. त्यांचे वडील कर्नल थापर वर्षानुवर्षं त्या डोंगरांकडे जात राहिले. मुलाने सांगितलेली कामं करणं, हे त्यांचं आठवणं. तुमच्या भावाने असं पत्र लिहिलं नसेल. मग बक्षीस कशासाठी द्यायचं हे त्याच्या स्वभावावरून ठरवा. तो पहिला येणारा मुलगा नसेल, तर पहिल्या येणाऱ्याला बक्षीस का? एका घरात मुलगा वर्गातल्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करून द्यायचा. त्याच्या नावाचं बक्षीस आता मदतीला धावणाऱ्या मुलाला देतात, आणि त्याची निवड आई करते.

बाबांना एक विनंती करून बघा. प्रत्येक भाषणात एक वाक्य घरचं असू द्या. शौर्य तसंच राहू द्या, पण तो उशिरा उठायचा, उधळ्या होता, बहिणीची पेनं पळवायचा, यातलं एखादं सांगा. गेलेल्या सैनिकाला निर्दोष करून टाकलं की आईला तो ओळखू येईनासा होतो. तिने ज्याला रागावून अभ्यासाला बसवलं, त्याचं पुतळ्यात काही उरत नाही. आई सभागृहात येणार नाही कदाचित. पण बाबांनी आज काय सांगितलं हे तुम्ही तिला सांगाल, आणि ती म्हणेल, "पेनं नाही, कंपास पळवायचा." मग कंपासवरून पुढे बोलणं होईल.

स्मृतिदिन लोकांचा असतो, तो त्यांना देऊन टाका. वाढदिवस मात्र घरासाठी राखून ठेवा. त्या दिवशी हार नको, पाहुणे नकोत, गणवेशातला फोटोही नको. लहानपणचा एखादा फोटो ठेवा, त्याला आवडायचं ते करा, आणि त्याच्या घरातल्या नावाने बोला. किपलिंग ज्या आयोगात होते, त्याने कुटुंबांना कबरीच्या दगडावर स्वतःचे शब्द कोरायची मुभा दिली होती, मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं. मी कधी कधी आईवडिलांना हेच करायला सांगते. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, हुद्दा आणि युद्ध यांचा उल्लेख न करता, एवढ्याच अक्षरांत. मग कागदांची अदलाबदल. मोठ्याने वाचायची सक्ती नाही.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र माझ्यासारख्या माणसाची नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ लगेच घ्या: जगण्यात अर्थ नाही किंवा त्याच्याकडे जायचं आहे असं बोलणं, खाणंपिणं सुटणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणं. याशिवाय दीर्घकाळ न ओसरणारा तीव्र शोक, ज्यात रोजचं जगणंच थांबतं, तो आता वैद्यकीय वर्गीकरणांत स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात किमान सहा महिने, अमेरिकी निकषात मोठ्या माणसांसाठी बारा महिने. त्यावर खास उपचारपद्धती आहे, साधारण १६ बैठकांची, आणि तिचा उपयोग होतो. पेटी बंद ठेवणं किंवा कार्यक्रमाला न जाणं एवढ्यावरून आईला हा विकार आहे असं मी म्हणणार नाही. ती जेवते का, झोपते का, कुणाशी तरी बोलते का, हे तुम्ही मला कळवा.

आणि तुम्ही. एवढ्या मोठ्या प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. आईचं बाबांना आणि बाबांचं आईला पोचवताना तुमचा भाऊ तुम्हाला आठवायचा राहून गेला असेल. राहिलेलं भावंड घरात शहाण्यासारखं वागतं, कारण आईवडिलांना आणखी त्रास नको. यात त्या भावंडाला "तू कसा आहेस" हे विचारायचंच सगळे विसरतात. म्हणून पेटीची यादी वाचायच्या आधी एक संध्याकाळ त्याच्या मित्रालाच बोलवा, आईबाबांचा विषय न काढता. भावाने तुमची कोणती गुपितं आईपासून लपवली होती, शेवटचं भांडण कशावरून झालं, तो निघताना तुम्ही काय म्हणालात, हे त्या मित्राला सांगा. ते झालं की मला पुन्हा लिहा, आणि त्या वेळी पत्रात आधी तुमचं लिहा.